काकाजींचे दोन खापरपणजोबा

मतदार यादीच्या कामाला आलेल्या एक बाई उमाटे काकाजींच्या घरी त्यांची माहिती घ्यायला गेल्या आणि स्वतःची देऊन बाहेर आल्या. मी समोरच्या ओट्यावर गहू निवडत बसले होते, म्हणून मी साक्षीदार आहे. आत जाताना बाईंच्या हातात फॉर्म होता. बाहेर येताना हातात फोन होता आणि त्या आईला विचारत होत्या, "आई, आपल्या पणजोबाचं नाव काय होतं व? इथं एक काकाजी पाणीच देऊन नाई राह्यले."

हे पाण्याचं खरं आहे. काकाजींच्या घरी पाणी मिळतं, चहाही मिळतो. पण त्याआधी आपलं नाव, बापाचं, आज्याचं, पणज्याचं आणि पणजा मूळचा कुठला, एवढं सांगावं लागतं. गॅस सिलिंडरवाला तर आता फाटकातूनच "वल्द किसन, वल्द बाजीराव, मूळ आर्वी" असं ओरडतो आणि मगच सिलिंडर खांद्यावर घेतो. आमच्या भागातल्या जुन्या कागदांत 'अमक्याचा मुलगा' याला 'वल्द' लिहितात. काकाजी ते बोलण्यातही वापरतात. एकदा त्यांनी माझ्या मांजराबद्दल विचारलं होतं. मी "माहीत नाही" म्हटलं, तर त्यांनी ते मांजराच्या विरुद्ध धरलं.

काकाजींचं पूर्ण नाव पुंडलिकराव उमाटे. देवळीत आमची घरं समोरासमोर आहेत. सगळी नोकरी त्यांनी निरनिराळ्या बसस्थानकांवर वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. काचेच्या खोलीत बसायचं, गाडी कुठून आली, कुठं जाणार, उशीर का झाला हे लिहून घ्यायचं आणि भोंग्यावरून लोकांना सांगायचं. निवृत्त झाल्यावर गाड्या सुटल्या, पण विचारपूस सुटली नाही. मोघम बोलणं त्यांना सहन होत नाही. "तुम्ही सकाळी दिसले नाही काकाजी," असं सहज म्हणावं, तर ते म्हणतात, "सकाळी म्हंजे? मोघम नाई चालत." आणि कोणी गोष्ट लांबवायला लागलं की, "गाडी आधी फलाटाले लावा." त्यांच्या पत्नी कुसुमकाकी यांनी त्यामुळे गोष्ट सांगणंच सोडून दिलं आहे. त्या एकदम निकाल सांगतात. "दूध नासलं." "मोटर जळाली." "विजयनं अल्लीपूरले राहाचं ठरवलं."

या शेवटच्या निकालापासून सगळी भानगड सुरू झाली.

विजय हा त्यांचा एकुलता एक मुलगा. त्याची बायको वैशाली अल्लीपूरची, तीही एकुलती. तिच्या वडिलांना, बापूरावांना, अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. वैशालीची आई आधीच वारलेली, वावरात सोयाबीन उभं. विजय मदतीला म्हणून गेला आणि तिथंच राहिला. पुलगावची दुकानातली नोकरी सोडून शेती बघायला लागला. गल्लीत कोणाला त्यात वावगं वाटलं नाही. काकाजींना वाटलं. "घरजावई," ते म्हणाले. गाडी रद्द झाल्याचं सांगताना लावायचे तोच आवाज त्यांनी लावला आणि मुलाशी बोलणं बंद केलं.

विजयनं फोनवर एकदाच वाद घातला. "बाबा, एवढं काय त्यात? आपल्या घराण्यात कोणीच झालं नसन का?"

"नाई झालं," काकाजी म्हणाले. "नोंदीनं दाखवतो तुले."

आणि ते वंशावळीच्या मागे लागले. बेत असा होता : उमाट्यांची पूर्ण वंशावळ लावायची, त्यातला प्रत्येक माणूस आपल्या बापाच्या घरात जन्मला आणि बापाच्याच घरात मेला हे सरकारी कागदानं सिद्ध करायचं, ती छापून काचेत मढवायची आणि अल्लीपूरला पाठवून द्यायची. मग विजय ती वाचेल, शरमेल आणि बायको-पोरीला घेऊन परत येईल. पोरगा परत यावा असं वाटलं तर लोक फोन करतात. काकाजी नकलेसाठी अर्ज करत होते. मला त्यांचा फार राग यायचा.

मधल्या काळात अल्लीपूरला त्यांना नात झाली. त्यांनी तिला पाहिलं नव्हतं. काकी अधूनमधून जाऊन यायच्या. त्या निघाल्या की काकाजी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून म्हणायचे, "तिकडची गाडी आज उशिरा लागन. चौकातून चढलं तं खिडकी भेटते." अल्लीपूर हा शब्द तोंडातून काढायचे नाहीत. काकी परत आल्या की मोबाईल चार्ज आहे का हे बघायला म्हणून त्यांचा फोन मागून घ्यायचे आणि कोपऱ्यात बसून बराच वेळ चार्ज बघायचे.

मी वर्ध्याच्या एका शाळेत गणित शिकवते आणि रोज स्कूटीनं जाते. त्यामुळे काकाजींना तिथल्या जुन्या सरकारी कागदांच्या अभिलेख कक्षात पोचवण्याचं काम ओघानंच माझ्याकडे आलं. मागे बसून ते समोरून येणाऱ्या प्रत्येक बसवर शेरा द्यायचे. "यवतमाळ गाडी. लेट." "पुलगाव. बरोबर आहे." "ही काऊन रिकामी?" एखादी बस वेळेच्या आधी दिसली की त्यांना जास्त वाईट वाटायचं. ड्रायव्हरनं कुठला तरी थांबा गाळला असणार, आणि त्या थांब्यावर कोणीतरी उभं असणार, असं ते म्हणायचे.

वडील, आजोबा, इथपर्यंत वंशावळ सुरळीत लागली. पणजोबा तुळशीराम यांच्यापाशी अडली.

पूर्वी गावचा कोतवाल जन्ममृत्यू लिहून ठेवायचा. त्या कोतवाल वहीत काकाजींच्या आजोबांच्या जन्माची नोंद सापडली. बाप तुळशीराम वल्द गोमाजी, आई सकू, राहणार देवळी. काकाजींनी त्या दिवशी कार्यालयातल्या बाबूला पेढा दिला. "पाह्यलं मास्तरीणबाई? पक्का देवळीचा. कुठून आला नाई, कुठं गेला नाई."

पेढा जरा घाईचा झाला. पुढच्या खेपेला त्याच बाबूनं जमिनीचा एक जुना कागद काढला. वावर तेच, चारी बाजूंचे शेजारी तेच, बायकोचं नाव सकू. पण माणूस तुळशीराम वल्द महादू, मूळ राहणार मुलताई. मुलताई म्हणजे वर सातपुड्यात, आता मध्यप्रदेशात.

"हा दुसरा तुळशीराम आहे," काकाजी म्हणाले.

"काकाजी, वावर एकच आहे. बायको एकच आहे."

"एका नंबरच्या दोन गाड्या राहू शकतात."

"राहू शकतात?"

"राह्यल्या नाई पाह्यजे. पण राहतात. त्यातली एक बोगस असते."

मग कितीतरी दिवस आम्ही बोगस तुळशीरामचा शोध घेत फिरलो. बाबूनं एकदा वैतागून सुचवलं, "काकाजी, दोन्ही नावं लिहून टाका ना वंशावळीत."

"एका माणसाले दोन बाप?" काकाजींनी विचारलं. आमच्याकडे ही शिवी आहे. शेजारच्या टेबलावरचं कामकाज थांबलं.

"मंग एक काढून टाका."

"कोणचा काढू?"

बाबूनं माझ्याकडे पाहिलं. मी स्कूटीच्या चावीकडे पाहिलं.

त्यातच भाट आला. आमच्याकडे एक भाट मधूनमधून येतो, दारात बसून घराण्याच्या पिढ्या गाऊन सांगतो आणि धान्य घेऊन जातो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे तुळशीराम राजपुतान्यातून आला होता, पांढऱ्या घोड्यावर बसून, तलवार लावून. आमच्या घरून त्याला तांदूळ कमी पडले होते, म्हणून माझ्या सासरचे पूर्वज त्याच प्रवासात पायी आले. आजवर कोणी भाटाला उलट विचारलं नव्हतं. काकाजींनी विचारलं. "घोडा कोणत्या वाटेनं आला? मधात मुक्काम कुठं केला? नर्मदा कुठं ओलांडली?" भाट घाबरला आणि त्यानं पाणी मागितलं. पाण्याआधी त्याला स्वतःच्या पिढ्या सांगाव्या लागल्या. तिसऱ्या पिढीलाच तो अडकला. काकाजींनी त्याला पाणी दिलं, धान्य दिलं आणि राजपुताना कायमचा खोडून टाकला.

राहिले दोन. गोमाजी आणि महादू. काकाजींनी पुष्कळ दिवस विचार केला आणि शेवटी महादू बोगस असल्याचा निर्णय दिला. कारण विचारलं तर म्हणाले, "मुलताईवाल्याले देवळीत वावर कोण देईन?" प्रश्न अगदी बरोबर होता. त्याचं उत्तर शोधावं असं मात्र त्यांना वाटलं नाही. खरं सांगायचं तर मलाही वाटलं नाही. मला फक्त शाळा सुटल्यावर सरळ घरी जायचं होतं. वंशावळीचा मजकूर छापखान्यात द्यायचं ठरलं. मधे अक्षय्य तृतीया आली, म्हणून तेवढं थांबले.

अक्षय्य तृतीयेला आमच्याकडे पितरांच्या नावानं घागर मांडतात. मातीची नवी घागर, पाण्यानं भरायची, वर आंबा ठेवायचा आणि गेलेल्या माणसांची नावं घेऊन पाणी सोडायचं. मग रस, कढी-वडे, कुरडया. काकींनी मला हाताखाली बोलावलं होतं. माझं हाताखालचं काम म्हणजे तळलेल्या कुरडया उरणार नाहीत हे पाहणं.

काकींनी नेहमीप्रमाणे दोन घागरी मांडल्या होत्या. काकाजी सोवळं नेसून, तांब्या घेऊन आले आणि थबकले.

"यंदा एकच मांड," ते म्हणाले. "दुसरी उचल."

"काऊन?"

"दुसरी कोणाची आहे सांग. नाव सांग. मोघम घागर आता आपल्या घरात नाई पाह्यजे."

"मले काय मालूम कोणाची? माह्या सासूनं दोन मांडल्या, तिच्या सासूनं दोन मांडल्या. मी दोनच मांडीन." काकींनी पदर खोचला. "घराणं तुमचं आहे. तुम्हीच तपासून राह्यले ना?"

मी कुरडई खाता खाता बोलून गेले, "आमच्या मावशीकडंबी दोनच राहतात. मावसोबा घरजावई होते ना. मावशीले भाऊ नव्हता. मंग एक मावसोबाच्या बापाची अन् एक सासऱ्याची. नाईतर त्या सासऱ्याले पाणी कोण देईन?"

कुरडई तोंडात फार मोठा आवाज करते हे मला त्या क्षणी समजलं. मी चावणं थांबवलं.

काकाजी तांब्या धरून उभे होते. त्यांची नजर एका घागरीवरून दुसरीवर गेली आणि परत पहिलीवर आली. आधी मला वाटलं ते माझ्यावर ओरडणार. पण ते हळूहळू, भोंग्यावरून सांगतात तसं एकेक तुटक बोलायला लागले.

"मुलताईहून निघाला. देवळीले लागला. सकूसंग लगन झालं. गोमाजीले पोरगा नाई, म्हणून त्याच्याच घरात राह्यला. वावर गोमाजीचं, ते याले भेटलं." ते थांबले. "पण कोतवाल? कोतवालानं वल्द गोमाजी कसं लिहिलं?"

"कोतवाल काय मुलताईले जाऊन पाहीन का?" काकी म्हणाल्या. "ज्याच्या घरात राहते, त्याचा पोरगा. गावात असंच म्हंतेत. अल्लीपूरलेबी आपल्या विजयले बापूरावचा विजय म्हंतेत."

अल्लीपूर आणि विजय, हे दोन्ही शब्द त्या घरात एका वाक्यात फार दिवसांनी आले होते. मला उठून जावंसं वाटत होतं, पण उठायलाही आवाज होतो.

काकाजी पाटावर बसले. त्यांनी पहिल्या घागरीवर पाणी सोडलं आणि म्हणाले, "गोमाजी." आवाज साफ होता. दुसऱ्या घागरीपाशी हात तसाच राहिला. इतके दिवस ते तुळशीरामच्या मागे लागले होते. तो आला कुठून, लागला कुठं, खरा का बोगस. महादू हा त्यांच्या लेखी एक चुकीचा शब्द होता, खोडायचा राहिलेला. आता त्यांच्यासमोर त्याची घागर होती, आणि त्यांना बहुतेक पहिल्यांदाच लक्षात आलं की महादू हाही कोणाचा तरी बाप होता.

"महादू," ते म्हणाले आणि पाणी सोडलं. मग घागरीकडेच बघत म्हणाले, "याले कोणी सांगतलं असन का? पोरगा कुठं लागला ते?"

"वाट पाह्यली असन त्यानं," काकाजी म्हणाले. "मुलताईले बसून. रोज पाह्यली असन."

"त्याले मालूम नसन," काकी म्हणाल्या. त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तुमाले तं मालूम आहे ना, पोरगा कुठं आहे ते."

जेवण झालं. रस चांगला होता असं मी म्हटलं. त्यावर कोणत्या आंब्याचा, कुठल्या झाडाचा, हे काकाजींनी सांगितलं नाही.

वंशावळ छापायला गेली नाही. काकाजी बरेच दिवस कोणाला काही विचारेनासे झाले. सिलिंडरवाला सवयीनं आपल्या पिढ्या ओरडला आणि त्याला नुसतंच पाणी मिळालं, तेव्हा त्यानं मला येऊन विचारलं, "काकाजीची तब्येत बरी आहे ना?" मी काय सांगणार? त्यांच्या घरी मलाही जावंसं वाटेना. एखाद्याचा हट्ट मोडावा असं आपल्याला कितीतरी दिवस वाटतं, आणि तो मोडला की त्या माणसाकडे बघवत नाही.

मग एका रविवारी सकाळी ते माझ्या फाटकाशी उभे राहिले. परीटघडीचा शर्ट, पायात बूट.

"मास्तरीणबाई, स्कूटी रिकामी आहे का?"

"कुठं जायचं?"

"अल्लीपूरले. नातीच्या जन्माची नोंद तपासाची आहे. लोकं बापाचं नाव चुकवतात."

"काकाजी, आज रविवार आहे. ग्रामपंचायत बंद राहते."

त्यांनी थोडा विचार केला. "बाहेरून पाहू," म्हणाले.

काकी ओट्यावर उभ्या होत्या. त्यांनी एक लोणच्याची बरणी आणून काकाजींच्या झोळ्यात ठेवली आणि आत निघून गेल्या.

रस्ताभर काकाजींनी एकाही बसवर शेरा दिला नाही. एक तर चक्क उशिरा आली होती, मलाही कळलं. मी मुद्दाम म्हटलं, "लेट दिसते काकाजी." ते म्हणाले, "येईन ना बिचारी. येऊन राह्यली."

अल्लीपुरात घर कुठलं हे मला माहीत नव्हतं, आणि काकाजी लग्न जुळवताना एकदाच आलेले, त्यांना गल्ली आठवेना. पानठेल्यावर मी विचारलं, विजय उमाटे कुठं राहतात. पानठेलेवाला विचारात पडला. मग एकदम म्हणाला, "बापूरावचा विजय म्हंता का? तो काय, हनुमानाच्या मंदिरामागं." मी श्वास धरून मागे पाहिलं. काकाजींनी तोंड उघडलं होतं. त्यांच्या समोर एक संपूर्ण नाव चुकीचं घेतलं गेलं होतं, आणि दुरुस्त करायला ते स्वतः हजर होते.

"हो," ते म्हणाले. "तोच."

घराचं फाटक उघडंच होतं. अंगणात टिनाच्या छपरीखाली बापूराव खुर्चीत बसले होते, खांद्यावर टॉवेल, तोंडाला फेस. विजय त्यांची दाढी करत होता. लुळ्या बाजूचा गाल खाली ओघळतो, म्हणून तो अंगठ्यानं वर ताणून धरत होता आणि वस्तरा अगदी हळू ओढत होता. त्यानं आम्हाला पाहिलं. "बाबा," एवढंच म्हणाला. वस्तरा गळ्याशी होता, त्यामुळे त्याला हात काढता येईना.

बापूराव वाकड्या तोंडानं काहीतरी म्हणाले. "या जी," असावं.

"हलू नका तुम्ही," काकाजी म्हणाले. "होऊ द्या त्याचं."

वैशाली धावत बाहेर आली, खुर्ची ठेवली, पाया पडली. तिच्यामागे एक लहान मुलगी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि काकाजींच्या बुटांकडे बघत राहिली. काकाजींनी तिला तिचं नावसुद्धा विचारलं नाही. ते खुर्चीवर बसले आणि विजयकडे बघत राहिले. विजयनं ओल्या फडक्यानं सासऱ्यांचं तोंड पुसलं, हनुवटी पुसली, कानामागं राहिलेला फेस पुसला, आणि तो सरळ उभा राहिला. आता हातात काहीच काम नव्हतं, तर हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं.

काकाजी उठले. बापूरावांच्या खांद्यावरचा टॉवेल त्यांनी उचलला, झटकला, स्वतःच्या खांद्यावर टाकला आणि परत खुर्चीत जाऊन बसले.

"झालं असन तं माहीबी करून दे," ते म्हणाले.

माझे डोळे भरून आले. मी लोणच्याची बरणी काढून वैशालीच्या हातात दिली, म्हणजे तेवढं तरी करता यावं.

विजय जवळ आला. "बाबा, तुमची तं सकाळीच झालेली दिसते."

झालेलीच होती. रस्ताभर मला मागून साबणाचा वास येत होता, आणि कानाखाली कापलेल्या जागी कापसाचा बोळा अजून चिकटलेला होता.

"गळ्याखाली राह्यली थोडी," काकाजी म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले.

काही राहिली नव्हती. मला लांबून दिसत होतं, विजयला तर जवळून दिसत असणार. त्यानं मग्यातलं पाणी ओतून दिलं, आत जाऊन नवं कोमट पाणी आणलं, ब्रशला फेस आणला आणि बापाची हनुवटी दोन बोटांनी वर उचलली.